लेडीज साइडचं लॉगिन

नांदेडला लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचे एके काळी दोन दर होते. एक साधा आणि एक लेडीज साइडचा. साध्या दराला हवे तितके कॅमेरावाले मिळायचे. लेडीज साइडला मी एकटीच होते, आणि हे मला चांगलं माहीत असल्यामुळं मी दर सोडत नसे. नवरीच्या बापानं कितीही वेळा उठून जायचं नाटक केलं तरी मी आपला चहा पीत बसून राही. शेवटी आतून निरोप येई की बाईलाच ठरवा, आणि सौदा माझ्या दरानं होई.

हा धंदा मला कुणी शिकवला नाही. माहेर हदगावकडचं, कापसाच्या रानातलं. लग्न होऊन नांदेडला आले, नवऱ्याची गिरणी बंद पडली, म्हणून एका फोटो स्टुडिओत फोटो वाळवायच्या आणि कापायच्या कामाला लागले. मालकाचा खांद्यावरचा मोठा कॅमेरा तिथं बघून बघून समजला. त्यानं तो विकायला काढला तेव्हा मी दिवसभर त्याच्यासमोर बसून भाव केला आणि बॅटरी, बॅग, दिव्याचा स्टँड सगळं त्यातच घेतलं. नंतर तो लोकांना सांगत फिरायचा की या बाईनं मला लुटलं. लुटलं वगैरे काही नव्हतं. बाई कॅमेरा घेऊन काय करणार, परत इथंच आणून देईल, असा त्याचा हिशेब होता. तो चुकला, त्याला मी काय करू.

जुन्या मुसलमान घरांत लग्नाआधी मांजे असतात. नवरीला हळद लावून पिवळ्या कपड्यांत बसवतात, दाराला जाड पडदा लागतो आणि बायका ढोलक घेऊन बसतात. ती गाणी थट्टेची असतात. नवरदेवाची आई, नवरीचा बाप, दीर, नणंद, कुणाला सोडत नाहीत. कुणी काजळाची मिशी काढतं, कुणी सासऱ्यासारखं खाकरून दाखवतं, कुणी घरातल्या मोठ्या माणसाची चाल चालून दाखवतं. एरवी ज्या बायका मान वर करून बोलत नाहीत त्या तिथं पोट धरून हसतात. त्या खोलीत पुरुष जात नाही. जाणत्या वयाचा पोरगाही बाहेर काढला जातो.

तिथं कॅमेरा न्यायचा म्हणजे बाईच हवी, आणि नुसती बाई असून भागत नसे. त्याबरोबर मी शब्द द्यायची. फिल्म मीच कापीन, कॅसेट घरातल्या बाईच्याच हातात देईन आणि माझ्याकडं नक्कल ठेवणार नाही. दिव्याचा स्टँड धरायला माणूस मिळत होता, पण मी त्याला पडद्याबाहेर उभं करून दिवाही स्वतःच ओढायची. एका नवरदेवाचा मामा एकदा माझ्या घरी आला, दोनच मिनिटं बघू द्या म्हणाला, वर पैसे देतो म्हणाला. त्याला मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. दरावरून मी जन्मभर भांडत आले. शब्दावरून कधी भांडण झालं नाही, कारण त्यात भाव करण्यासारखं काही नव्हतंच.

आपा माझ्या त्या दिवसांतल्या गिऱ्हाईक. इतवाऱ्यात त्यांचं घर होतं आणि त्यांच्या सगळ्या लेकींच्या लग्नांत आतला कॅमेरा माझाच होता. पुढं त्यांचे मालक वारले, थोरल्या मुलानं लातूरला कापडाचं दुकान टाकलं आणि आपा त्याच्याबरोबर तिकडं गेल्या. मधली बरीच वर्षं ईदच्या आणि दिवाळीच्या फोनापुरता आमचा संबंध राहिला. मग एक दिवस त्यांचा अवेळी फोन आला.

थोरल्या लेकीच्या मांज्याची कॅसेट त्यांना बघायची होती. बघायची कमी आणि ऐकायची जास्त. त्यांची धाकटी बहीण त्यात गाते. ती बहीण केव्हाच गेली. तिचे फोटो आहेत, पण आवाज म्हणाल तर त्या एका कॅसेटीत. घरातला व्हीसीआर भंगारात गेला होता. माझ्याकडं होता. चालू अवस्थेतली वस्तू मी कधी टाकत नाही.

आपांनी कॅसेट बसनं पाठवली नाही, कुणाच्या हाती दिली नाही. स्वतः घेऊन आल्या, ओढणीत गुंडाळून. आत बुरशी धरली होती. मी ती कापसाच्या बोळ्यानं पुसत पुसत, थांबत थांबत, खोलीचं दार लावून कॉम्प्युटरवर उतरवली. शेवटाला पट्टी तुटली आणि तिचे तुकडे झाले. म्हणजे आता ते गाणं जे काही होतं ते माझ्या कॉम्प्युटरला लावलेल्या त्या एका डिस्कवर.

पेनड्राइव्हवर देते म्हटलं तर आपा नको म्हणाल्या. पेनड्राइव्ह उशीखाली ठेवली तरी घरातली पोरं शोधून काढतील आणि एकदा फोनमध्ये गेली की साऱ्या खानदानात फिरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटलं. तोवर माझ्याकडं आणखी काही जुन्या गिऱ्हाइकांच्या कॅसेटी अशाच उतरवायला आल्या होत्या आणि प्रत्येकीची अडचण हीच होती.

मार्ग जावयानं काढला. माझी लेक लातूरलाच दिलेली आहे. जावई तिथल्या एका क्लासचे कॉम्प्युटर सांभाळतो. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात, तसं तोही म्हणतो. त्यानं सांगितलं, मामी, डिस्क तुमच्याच घरात राहू द्या. आपांच्या टीव्हीवर एक ॲप टाकतो. त्यांनी लावलं की इथून तिकडं दिसेल, पण तिकडं काही उतरणार नाही, कुणाच्या फोनात जाणार नाही. बघून झालं की संपलं. मला ती कल्पना फारच आवडली. माझा दिलेला शब्द जणू कुणी यंत्रात बसवून दिला होता. नक्कल नाही, आणि बघणारी बाई आपल्या घरात बसून बघणार.

त्यासाठी जुन्या मालाच्या दुकानातून, प्रत्येकीची वेगळी डिस्क लावता येईल असा एक छोटा, डब्याएवढा कॉम्प्युटर घेतला. त्याचा भाव मी नेहमीसारखा केला. पण घराबाहेरून बघायचं असेल तर त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीला एकदा पैसे भरायचे होते, आणि किंमत पडद्यावर लिहिलेली होती. कुणाशी बोलायचं, कमी कसे करायचे, काही सोय नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी पहिल्या किमतीला हो म्हटलं. तिथं 'जन्मभरासाठी' असं लिहिलं होतं, त्याला मी भुलले. जावयाला विचारलं, कुणाचा जन्म, माझा का कंपनीचा. तो हसला आणि त्यानं पैसे भरले.

पुढचं जवळजवळ वर्षभर ते छान चाललं. कुणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. दुपारी पुरुष दुकानात गेले की आपा आणि त्यांची सून खोलीचं दार लावून बसायच्या. नांदेडला माझ्या कपाटावरच्या डब्याचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला की मला कळायचं, लातूरला पडदा पडला. कोण काय बघतंय ते आपल्याकडं दिसतं, असं जावई दाखवायला लागला तेव्हा मी त्याला ते बंद करायला लावलं.

मग एका सकाळी माझ्याच टीव्हीवर पाटी आली. पुढं जायचं असेल तर खातं उघडा. इमेल द्या, फोन नंबर द्या, जन्मतारीख द्या. मी लेकीच्या बारशाची कॅसेट बघायला बसले होते.

जावयाला फोन लावला. तो म्हणाला, "मामी, आता सगळ्यांचंच तसं झालंय. एक इमेल टाकायची, झालं."

"माझ्या घरात शिरायला मी कुणाला नाव सांगू?"

"घरात नाही हो. ॲपमध्ये."

"आणि ॲप कुठं हाय?"

"तुमच्या घरात."

"डबा माझा, डिस्क माझी, लाइटबिल माझं. आत जे हाय ते मी माझ्या खांद्यावर वाहिलेल्या कॅमेऱ्यानं काढलेलं. यात त्यांचं काय हाय ते सांगा, मग मी नाव सांगते."

त्या बिचाऱ्यानं कुठं कंपनी काढली होती. मी नंबर मागितला, मी बोलते म्हटलं. नंबर नव्हता. एक पान होतं, त्यावर प्रश्नही त्यांचेच आणि उत्तरंही त्यांचीच. माझा प्रश्न त्यांत नव्हता. समोर माणूस असला की तो कुठं वाकेल आणि कुठं मोडेल ते मला दिसतं. इथं भांडायला तोंडच नव्हतं. तो राग अजून माझ्या पोटात आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही. पैसे घेताना जन्मभर म्हणायचं आणि मग माझ्याच दाराला स्वतःचं कुलूप घालून मलाच नाव विचारायचं, याला आमच्या बाजारात काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे.

मी एकटी असते तर टीव्ही तसाच काळा ठेवला असता. पण दुपारी आपांचा फोन आला. त्यांच्याकडंही तीच पाटी. "बाई, सगळं काळं झालं," एवढंच त्या म्हणाल्या. मी जावयाला म्हटलं, टाका काय टाकायचं ते. माझी इमेल त्यानंच कधीतरी गॅसच्या नंबरासाठी काढून दिली होती, ती त्यानं टाकली. आपांच्या टीव्हीला वेगळं खातं हवं होतं. ते त्यांच्या सुनेनं तिकडं फोनवर उघडलं.

आता इथं जे झालं ते समजायला आमच्याकडची घरं माहीत असावी लागतात. आमच्या घरांत इमेल माणसाची नसते, घराची असते. बँकेला तीच, आधारला तीच, शाळेला तीच. सुनेला स्वतःची इमेल नव्हती, आपांना कुठून असणार. घराची म्हणून जी होती ती कापडाच्या दुकानाची. तिनं ती टाकली. तिच्या जागी मी असते तरी तीच टाकली असती. माझ्या ओळखीत अशी किती बायका आहेत ज्यांची इमेल दुसरं कुणी उघडत नाही, हा विचार मी नंतर पुष्कळ केला. मला एकही आठवली नाही.

पुढच्याच आठवड्यात आपांचा थोरला मुलगा गाडी काढून लातूरहून माझ्या दारात आला. लहानपणी मी त्याला मांज्याच्या खोलीतून हाताला धरून बाहेर काढला होता. आता देखणा, भारदस्त दुकानदार झाला होता. बूट न काढता तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"मावशी, चहा ठेवू नका. मी बसायला आलो नाही."

त्यानं फोन माझ्यासमोर धरला. दुकानाच्या इमेलवर आलेलं पत्र होतं. या आठवड्यात तुम्ही काय काय पाहिलंत, असं वर लिहिलेलं आणि खाली चित्र. चित्रात त्याची खाला, म्हणजे आपांची तीच गेलेली बहीण. तिच्या अंगात त्याच्या वडिलांची शेरवानी, ओठावर काजळाची मिशी, एक खांदा खाली सोडलेला. त्याचे वडील तसेच चालायचे. दुकानात सकाळी इमेल मुनीम उघडतो. गिऱ्हाइकं समोर असताना त्यानं मालकाला हाक मारली होती, की मालक, हे काय आलंय बघा.

मी ते क्षणभरच पाहिलं आणि त्याच्या हातातला फोन पालथा केला.

"तुम्ही अम्मीला जबान दिली होती," तो म्हणाला.

"दिली होती. अजून हाय."

"मग ही मुनीमाच्या टेबलावर कशी आली?"

कशी आली ते मला त्या वेळी खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत नसलं की माझा आवाज आधी चढतो. मी म्हटलं, इमेल तुमच्या दुकानाची, मुनीम तुमचा, त्यांना विचारा. तो म्हणाला, तुमच्याशी बोलण्यात कुणी जिंकत नाही हे मी लहानपणापासून ऐकून आहे, मी भाव करायला आलेलोच नाही. ती डिस्क द्या, मी इथंच फोडतो आणि जातो. किंमत सांगा.

"तुमच्या आईचा माल तुम्ही माझ्याकडून विकत घेणार?"

"अब्बांची नक्कल करून हसत होत्या सगळ्या," तो म्हणाला. "तेव्हा हसल्या ते हसल्या. आता ते कबरीत आहेत, तरी रोज दुपारी दार लावून हसून राहिल्या."

इथं त्याचा आवाज फाटला. मुनीमानं पाहिलं याचा राग होताच, पण तो तेवढ्यासाठी एवढा रस्ता आलेला नव्हता. हे कळल्यावर मला त्याच्यावर ओरडता येईना. मी आवाज खाली आणून सांगितलं, कॅसेट बाईच्या हातून घेतली होती, ती बाईच्याच हातात जाईल. तुमच्या अम्मीनं फोड म्हटलं तर मी माझ्या हातानं फोडीन. तुम्ही म्हटलं म्हणून नाही.

"अम्मीशी मी बोलत नाही सध्या," असं म्हणून तो गेला.

मी पहिल्यांदा डब्याची नेटची वायर उपटली, मग जावयाला फोन लावला. त्यानं शोधून सांगितलं. नवं खातं उघडलं की काय पाहिलं ते कळवण्याची सोय आपोआप सुरू होते. नको असेल तर आपण आत जाऊन बंद करायची असते.

"ही पत्रं कुणाकुणाला जातात?"

"ज्याचं खातं त्याच्या इमेलला. आणि त्याला जोडलेल्या बाकीच्या खात्यांना."

"तुमचं खातं जोडलेलं हाय?"

"आहे."

"मग तुम्हालाही आली असेल."

"आली, मामी. मी उघडली नाही."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. माणूस सरळ आहे, खोटं बोलायचा नाही. पण माझ्या त्या खोलीची लाज एका जावयाच्या सरळपणावर टिकून राहावी, हे माझ्या धंद्यात कधी घडलं नव्हतं. मी विचारलं, आणि कंपनीकडं? तो म्हणाला, त्यांच्याकडं नोंद राहतेच, कोणी, काय, किती वेळ पाहिलं. पुसायचं बटण आहे. पुसलं का नाही ते आपल्याला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपांची डिस्क रुमालात बांधून, जेवणाच्या डब्याखाली पिशवीत घालून मी लातूरची एसटी धरली. अहमदपूरपर्यंत खिडकीशी बसून माझं मनातल्या मनात त्या कंपनीशी भांडण चाललं होतं. तिथून पुढं ते आपोआप थांबलं आणि मला ती पडद्याची खोली दिसायला लागली. पडद्याशी नेहमी एक वयस्कर बाई बसलेली असे. ती येणारीचं तोंड बघायची आणि पडदा उचलायची. ओळख तर तिथंही लागायची. पण कोण आलं, किती वेळ बसलं, कुणाच्या गाण्याला जास्त हसलं, हे त्या बाईनं कधी कुणाला सांगितलं नाही. तिला सगळं माहीत असायचं आणि बाहेर काही जात नसे. आताच्या दारवानाला मी कोण ते धड माहीत नाही, आणि वही मात्र त्याची भरलेली.

चूक माझी नव्हती हे मी स्वतःला वाटभर सांगत होते. ते खरंही होतं. पण शब्द कंपनीनं दिला नव्हता, मी दिला होता. आपांना त्या कंपनीचं नावसुद्धा उच्चारता येत नाही. आणि आपांनी आता मुलाशी अबोला नको म्हणून फोडा म्हटलं, तर बहिणीचा आवाज त्या डिस्कबरोबर जाणार होता. त्याला दुसरी जागा नव्हती.

आपांचं घर दुकानाच्या वरच होतं. सुनेनं दार उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. इमेलवरून तिला बरंच ऐकून घ्यावं लागलं असावं. आपा दिवाणावर बसल्या होत्या. मी लगेच बोलायला लागले तर त्यांनी हात वर केला. "पयले पानी प्या, बाई. मंग बोला."

पाणी पिऊन मी सगळं सरळ सांगितलं, जावयाचं न उघडलेलं पत्रसुद्धा. मग रुमाल सोडून डिस्क त्यांच्यापुढं ठेवली. फोडायची असेल तर बत्ता द्या, तुमच्या डोळ्यांसमोर फोडते, असं म्हटलं.

आपांनी डिस्कवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "शेरवानी कुनी दिली होती, याद हाय तुमाला?"

मला आठवत होतं. त्यांच्या बहिणीला नक्कल करायची होती आणि शेरवानी कपाटात, कपाट बाहेरच्या खोलीत. कुणीतरी पडद्यातून मागितली. थोड्या वेळानं पडद्याच्या कडेनं एक पुरुषी हात आत आला, शेरवानी धरलेला. तो हात माझ्या कॅमेऱ्यात आला होता. फिल्म कापताना मी आपांना मुद्दाम विचारलं होतं, आतल्या कॅसेटीत पुरुषाचा हात राहू देऊ का. त्या म्हणाल्या होत्या, राहू द्या, माझ्याच मालकाचा हाय.

"मुलाला सांगा मग," मी म्हटलं.

"सांगून काय व्हतंय. त्याला वाटंल, अम्मी झाकून राहिली."

"दाखवा मग."

"माझं तोंड मी दाखवीन. माझं लेकरूच हाय ते. पन बाकीच्या बाया? त्यातल्या कितीक आता नाती-नातवंडांच्या झाल्या, कितीक मातीत गेल्या. त्येंचं तोंड दाखवनारी मी कोन?"

मी हयातभर ज्या गोष्टीचे पैसे घेतले ती गोष्ट आपा एका वाक्यात बोलल्या होत्या. सून कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. तीच हळूच म्हणाली, टीव्हीवर चादर टाकली तर.

आपांनी तिच्याकडं पाहिलं आणि पलंगावरच्या चादरीकडं बोट केलं.

मी डिस्क वायरनं सरळ टीव्हीला जोडली. नेट नाही, खातं नाही, नाव नाही. सुनेनं टीव्हीवर चादर पांघरली आणि मधल्या दाराचा पडदा ओढून घेतला. मग तिनं खाली दुकानात फोन करून नवऱ्याला वर बोलावलं. जिन्यावर त्याची पावलं वाजली, पडद्यापाशी थांबली.

"आत नको येऊ," आपा म्हणाल्या. "तिथंच बस. तुझे अब्बा बी तिथंच हुबे होते."

गाणं सुरू झालं. चादरीतून पिवळा उजेड हलत होता, बाकी काही दिसत नव्हतं. ढोलक, टाळ्या आणि त्या सगळ्यावरून चढणारा त्या बहिणीचा आवाज, थोडा घोगरा, खट्याळ. आमचे दुल्हाभाई बाजारात जातात, घासाघीस करून दमतात आणि रिकामी पिशवी हलवत घरी येतात, असं काहीसं ते गाणं. बायका हसून हसून मध्येच सूर सोडत होत्या. आपांचे ओठ हलत होते.

कडवं संपलं आणि हशाच्या मागून, लांबून, एक पुरुषी हसणं ऐकू आलं. हसता हसता खोकला लागला. मग तोच आवाज, पडद्याच्या बाहेरून, अगदी स्पष्ट: "चाल बराबर नहीं है. खांदा और झुकाओ."

बायकांचा कल्लोळ झाला. कॅसेटमध्ये गाणं पुन्हा सुरू झालं. सुनेनं माझा दंड धरला होता. आपांनी टीव्ही थांबवला नाही, पडद्याकडं बघितलंही नाही. त्या चादरीकडं बघत राहिल्या.

गाणं संपल्यावर बाहेरून तो म्हणाला, "अम्मी, ते परत लावा."

ते परत लावलं. मग आणखी एकदा.

मी निघाले तेव्हा तो जिन्यात उभा होता. तोंड धुतलेलं. माझ्या हातातली पिशवी त्यानं आपल्याकडं घेतली. खाली उतरताना म्हणाला, "मावशी, तेवढा अब्बांचा आवाज मला फोनमध्ये द्या. नुसता आवाज. चित्र नको."

पोटचा पोर असता तर मी तिथंच दिला असता, इतकं वाईट वाटलं. पण मी म्हटलं, "मला विचारू नका. आत विचारून या."

तो वर गेला आणि लवकरच परत आला. "नको म्हणाली. इथं येऊन ऐक म्हणाली." मग म्हणाला, "तुम्ही बोलून बघा ना. तुम्ही तर भल्याभल्यांना खाली आणता."

"कुठं खाली येत नाही तेसुद्धा मला कळतं," मी म्हटलं, तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

डिस्क तिथंच राहिली, आपांच्या कपाटात. खातं मात्र बंद करायचं होतं आणि ते आपांच्या नावचं होतं, म्हणून मी पुन्हा वर गेले. सून आणि मी तिच्या फोनवर खटपट करत बसलो. बंद करा म्हटलं की कंपनी कारण विचारायची. दिलेल्या कारणांत आमचं कारण नव्हतं, म्हणून पहिलं दिसेल त्यावर बोट ठेवलं. मग त्यांनी खात्रीसाठी एक नंबर पाठवला. तो गेला दुकानाच्या इमेलला. तिच्या नवऱ्याला खालून फोनवर मुनीमाच्या टेबलावरून तो नंबर आम्हाला वाचून दाखवावा लागला, आणि वाचताना तो स्वतःच दोनदा चुकला.

ते झाल्यावर सुनेनं दार लोटून घेतलं. "मावशी, इमेल काढता येती का तुम्हाला?"

"जावयाला विचारावं लागंल."

"त्यांना नको. आपण दोघीच बघू. माझी एक काढायची हाय. माझी एकटीची."

मला येत नव्हतं, पण कॅमेराही येत नव्हता. आम्ही एकेक पान वाचत पुढं गेलो. जे आपोआप सुरू होतं ते शोधून शोधून बंद केलं, नको तिथं नाही म्हटलं. शेवटी पासवर्डची जागा आली. तिनं फोन हातात घट्ट धरून माझ्याकडं पाहिलं, आणि मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले, तिचं टाइप करून होईपर्यंत.